पाऱ्याची सोयरीक

८ जानेवारी १९७३, सोमवार

आजपासून लिहायचं ठरवलं. भांडायला घरात आईशिवाय कुणी नाही, आणि आईपुढं माझी डाळ शिजत नाही. मग वहीशी भांडावं.

प्राचार्यांनी बोलावलं होतं. एकवीस मार्चला औरंगाबादहून विद्यापीठाची समिती येणार. फिजिक्सचं तिसरं वर्ष इथं धाराशिवला काढायचं की नाही, ते प्रयोगशाळा बघून ठरवणार. मी म्हटलं, "सर, बघायला आहे काय? स्पेक्ट्रोमीटर आहे, पण त्यातून बघायला दिवा नाही." तर म्हणाले, "बघा काहीतरी, सरवदेबाई." बघा काहीतरी! नळाला पाणी नाही, बघा काहीतरी. छत गळतं, बघा काहीतरी. आता यंदा पाऊसच नाही म्हणून छताचा प्रश्न सुटला, एवढंच.

दुसऱ्या वर्षाला अकरा पोरं आहेत. वर्ग निघाला नाही तर दोघं-तिघं सोलापूरला जातील, बाकीचे दुष्काळी कामावर खडी फोडतील. जाईचं तर ठरलेलंच आहे. अणदूरची पोर, अकरांत सगळ्यात हुशार. तिचे वडील तात्याराव दिवाळीनंतर भेटले तेव्हा तोंडावर म्हणाले, "धाराशिवपतुर ठीक हाय बाई. सोलापूर न्हाय. हितं वर्ग न्हाय निघाला तर उन्हाळ्यात उरकून टाकतो." पोरीचं लग्न उरकायचं म्हणजे काय उरकायचं ते मला कळतं. मी हूं की चूं केलं नाही, त्याचा अजून राग येतो. स्वतःचाच.

१२ जानेवारी

साखर कारखान्यावर जाऊन आले. सहकारी कारखाना, चिमणी उभी आणि धूर नाही. ऊसच नाही तर गाळतील काय? प्रयोगशाळेत मल्लिनाथ नावाचा केमिस्ट एकटा बसून काचा पुसत होता. लोहाऱ्याकडचा, लिंगायत, घरी निम्मं कानडी बोलतात म्हणे. बोलणं इतकं सावकाश की तो वाक्याच्या शेवटाला पोचेपर्यंत मी सुरुवात विसरते.

पण दिवा आहे! रसात साखर किती ते बघायला त्यांच्याकडं सोडियमचा दिवा असतो. त्याच्याबरोबर पाऱ्याचाही आलाय, तो तीन वर्षं खोक्यातून काढलाच नाही. मी म्हटलं, पाऱ्याचा द्या. तो म्हणाला, चेअरमनची परवानगी लागेल, दिव्याचा चोक नाजूक आहे, व्होल्टेज कमी-जास्त झालं तर... आणि बऱ्याच वेळानं, "मीच घेऊन येतो. आणि अधूनमधून बघून जाईन." माझ्यावर विश्वास नाही असं सरळ सांग की बाबा!

१९ जानेवारी

दिवा लागला. खिडक्यांना गोणपाट, त्यावर आईची वाकळ, भर दुपारी काळोख. स्पेक्ट्रोमीटरच्या फटीतून प्रकाश सोडला, प्रिझम फिरवला आणि दुर्बिणीत रेषा आल्या. जांभळी, निळी, हिरवी आणि दोन पिवळ्या, एकमेकींना खेटून. मी एम.एस्सी. आहे, शंभरदा बघितल्यात. तरी अंगावर काटा आला. पोरं रांगेनं बघत होती आणि बाहेर पडणारा प्रत्येकजण हळू आवाजात बोलत होता.

आठवड्यात केमिस्ट दोनदा येऊन गेला, दिवा "बघायला". दिव्याला काय झालंय?

२ फेब्रुवारी

आज जमलं! लिहून ठेवते.

गेले चार तास मी निवडनियम शिकवत होते. इलेक्ट्रॉन वरच्या पातळीवरून खालच्या पातळीवर येतो आणि येताना प्रकाश देतो, म्हणून रेषा दिसते. पण वाटेल त्या पातळीवरून वाटेल त्या पातळीवर येत नाही. ठरावीक उड्यांनाच मुभा आहे, बाकीच्यांना मनाई. इंग्रजीतून सांगितलं, मराठीतून सांगितलं. बब्रुवान जांभया देतोय, जाई नुसती लिहून घेतेय. मी डस्टर आपटलं. म्हटलं, "अरे, तुमच्या घरी सोयरीक जमवताना काय बघतात?"

सगळे जागे झाले.

"देवक बघत्यात," बब्रुवान म्हणाला. "एकच देवक निघालं तर भाऊ-भैन लागत्यात. मोडलं."

बरोब्बर! अणूतही दोन देवकं आहेत, सम आणि विषम. समाची सोयरीक समात नाही, विषमाची विषमात नाही. देवक बदललंच पाहिजे. आता दुसरं काय बघतात?

उत्तर सगळ्यांना ठाऊक होतं, माझ्यापुढं बोलायला लाजत होते. माझ्या बापानं छप्पन साली दीक्षा घेतली हे गावाला ठाऊक आहे. मीच म्हटलं, "जात बघतात. लाजता काय? अणूतही इलेक्ट्रॉनांच्या फिरकीवरून दोन जाती पडतात, एकेरी आणि तिहेरी. एकेरीनं एकेरीत जायचं, तिहेरीनं तिहेरीत. देवक वेगळं, जात एक. झाले निवडनियम."

"एवढंच व्हय?" बब्रुवान म्हणाला. मग मी थांबेना. हिरवी, निळी, जांभळी ह्या तिघी वरच्या एकाच घरातून निघतात आणि खालच्या तीन घरांत जातात. एका घरात पाच खोल्या, एकात तीन, एकात एक. जिथं खोल्या जास्त तिकडं जाणारे जास्त, म्हणून रेषेचा जोर पाच, तीन, एक. पारा हे प्रमाण पुरतं पाळत नाही, पण पोरांनी हिरवी आणि जांभळी पुन्हा पाहिली आणि माना डोलावल्या.

केमिस्ट दारात उभा राहून सगळं ऐकत होता. चोक गरम होतोय का ते बघायला आला होता म्हणे.

५ फेब्रुवारी

जाईनं आज मला चीत केलं.

रेषांचं कोष्टक घेऊन आली. "बाई, दोन पिवळ्यांतली हिरव्याकडची आहे ना, ती तिहेरीतून एकेरीत येते. म्हणजे जात बदलली. मग ती दिसतीच कशी? आणि दिसती ती पण शेजारणीइतकी ठळक?"

मला आलं नाही. शंभरदा बघितलेली रेषा, आणि एकदाही मनात आलं नाही की ही इथं असायला नको. पाठ केलं होतं, बघितलं नव्हतं. "उद्या सांगते," म्हटलं. ती 'बरं' म्हणाली, आणि तिच्या तोंडावर जरासा आनंद होता. द्वाड!

९ फेब्रुवारी

उत्तर सापडलं. उद्याचे चार दिवस झाले.

हलक्या अणूत जातीचा नियम कडक. हेलियममध्ये अशी रेषा शोधूनही दिसायची नाही. पण पारा जड आहे. जड अणूत इलेक्ट्रॉनची स्वतःभोवतीची फिरकी आणि त्याचं केंद्राभोवतीचं फिरणं एकमेकांत इतकं गुंततं की शुद्ध एकेरी, शुद्ध तिहेरी असं काही उरतच नाही. ज्या घरावर आपण तिहेरी अशी पाटी लावतो, त्यात एकेरीची मिसळण असतेच. पाटी आपण लावलीय. पाऱ्याला कुठं वाचता येतं?

वर्गात सांगितलं तर बब्रुवान म्हणतो, "म्हंजी वजनदाराला नियम लागत न्हाईत. आमच्या गावात बी तसंच हाय." हसू आवरेना.

केमिस्ट मागं थांबला. विचारलं, "मग नियम खोटा?" मी म्हटलं, खोटा नाही, पण सगळ्यांना लागू नाही. त्यानं चष्मा पुसला. "आणि मिसळण... किती लागते?" थोडी पुरते, म्हटलं. त्यानं ते खिशातल्या वहीत लिहून घेतलं आणि त्या नादात त्याची एस.टी. चुकली. साखरेच्या माणसाला ह्याचं काय करायचंय कुणास ठाऊक. आईनं त्याला भाकरी आणि ठेचा वाढला. त्यानं तीन खाल्ल्या.

तो गेल्यावर आई म्हणते, "ह्यो दिवा बघाया येतो का दिवा लावणारीला?" काहीही बोलते. मी म्हटलं, तुला चोक म्हणजे काय माहीत आहे का? "मला सगळं म्हाईत हाय," म्हणाली.

२६ फेब्रुवारी

प्रयोगपुस्तिका सायक्लोस्टाईल करून आल्या, पानं एकाच बाजूनं छापलेली. सातव्या पानावर 'सोयरीक नियम', खाली पाऱ्याच्या पिवळ्या रेषेचा सगळा खुलासा. शेवटचं वाक्य माझं आवडतं आहे: 'पाऱ्याच्या घरात आंतरजातीय सोयरीक होते, आणि ती लपत नाही.' समितीला दाखवीन. केमिस्टानंही एक प्रत मागितली. दिली.

१२ मार्च

काय सांगू! हसावं का रडावं.

तात्याराव अणदूरहून जाईला घेऊन सकाळी थेट संस्थेचे सचिव आण्णासाहेब यांच्या पुढ्यात. हातात पोरीची पुस्तिका, सातवं पान उघडलेलं. मला बोलावणं आलं. तात्यारावांनी ती माझ्यापुढं आपटली. "बाई, आमी पोरगी इज्ञान शिकाया धाडली. हितं तुमी सोयरिकी शिकीवता? आन् हे पारे कोण? कुठल्या गावचे पारे? त्यांच्या घरात काय का व्हईना, आमच्या पोरीच्या वहीत कशाला?"

मला आधी कळेचना. मग कळलं आणि हसू फुटलं. तेच चुकलं. मी सांगितलं, पारे नव्हे, पारा, तापमापीतला. जाई मान खाली घालून उभी होती, तिचे खांदे हसण्यानं हलत होते. तात्यारावांना वाटलं रडतेय.

आण्णासाहेबांना पारा कळला, तरी त्यांचं समाधान झालं नाही. "सरवदेबाई, तुमचा हेतू कसा असंल ते असो. तुमच्यासारख्या बाईनं हे लिहिलं की लोक वेगळाच अर्थ काढणार. समितीपुढं हे पान दिसता कामा न्हाय. ते पान तरी जाईल, न्हायतर वर्गाचा प्रस्ताव तरी."

तुमच्यासारख्या. ह्या एका शब्दावर मी घरापर्यंत पाय आपटत आले.

१३ मार्च

आईनं विचारलं, "तू खोटं लिवलं का?" नाही. "मग फाडती कशाला?" मी म्हटलं, माझ्या एकटीचं असतं तर नसतं फाडलं. अकरा पोरांचं आहे. जाईचं आहे. आई चुलीकडं वळली, आणि ती अशी वळली की मला जास्त लागतं.

अकरा पुस्तिकांतून अकरा पानं फाडली. पोरं बघत होती. मला लाज वाटली, अशी आयुष्यात कधी वाटली नव्हती. आमच्या माणसांना विहिरीवर मनाई होती तेव्हाही कुणी मान तुकवली नव्हती म्हणतात, आणि मी शिकलेली बाई एका शब्दावर कागद फाडते.

केमिस्ट आला होता. पानं फाडताना बघून म्हणाला, "मॅडम, असं... करू नका." मी खेकसले, तुम्ही दिवा बघा. तो दिवा न बघताच गेला.

२१ मार्च, बुधवार

जसं झालं तसं लिहिते.

समितीत तिघं होते. प्रमुख म्हणजे टक्कल पडलेले, बारीक डोळ्यांचे वयस्कर प्राध्यापक. येताना दोन ठिकाणी 'ठीक, ठीक' म्हणून पुढं सरकले, म्हणजे काही आवडत नव्हतं. मागं प्राचार्य आणि आण्णासाहेब. तात्यारावही होते, आण्णासाहेबांनी त्यांना मुद्दाम बोलावलेलं, पान गेलंय ते डोळ्यांनी बघायला. केमिस्ट दिव्याजवळ उभा.

प्राध्यापक दुर्बिणीला डोळा लावणार तोच लाईट गेली.

दोन मिनिटांत आली, पण पाऱ्याचा दिवा पेटेना. "दिवा बिघडला का?" प्राध्यापकांनी घड्याळ बघितलं. मी सांगितलं, बिघडला नाही सर, तापलाय; तापलेला असताना पुन्हा पेटत नाही, निवायला दहा मिनिटं लागतात. प्राचार्य पुटपुटले, "बाईंसारखाच." समितीतले दोघं हसले, प्राध्यापक नाही.

"दहा मिनिटं आहेत तर," ते म्हणाले, "विद्यार्थ्यांशी बोलू." आणि त्यांनी पुढच्या बाकावरच्या जाईकडं बोट केलं. "पाऱ्यात दोन पिवळ्या रेषा दिसतात. त्यातली एक नियमानं दिसायला नको. का, आणि मग दिसते का? तुला ठाऊक नसलं तरी चालेल, हे दुसऱ्या वर्षाला नसतंच."

जाईनं माझ्याकडं बघितलं, मग वडिलांकडं, मग आण्णासाहेबांकडं. मी मान हलवली नाही. हो म्हणूनही नाही, नको म्हणूनही नाही.

पोर उभी राहिली आणि बोलायला लागली. देवक सांगितलं. जात सांगितली. एकेरी, तिहेरी, हलका अणू, जड अणू, मिसळण. अडखळली नाही. "पाटी आपण लावली, सर. पाऱ्याला वाचता येत न्हाय."

प्राध्यापक पुढं वाकले होते. "हे कुठल्या पुस्तकात आहे?"

"बाईंच्या. सातव्या पानावर."

त्यांनी टेबलावरची पुस्तिका उचलली. सहा, आठ. "सातवं कुठाय?"

"फाडलंय," जाई म्हणाली.

"का?"

आण्णासाहेब छताकडं बघत होते. मी बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात केमिस्ट पुढं झाला. खिशातून चार घड्या घातलेला कागद काढला, उलगडला आणि प्राध्यापकांच्या हातात दिला. सातवं पान. कडा मऊ पडल्या होत्या. इतक्यांदा उघडून वाचला होता तो.

प्राध्यापकांनी उभ्याउभ्या वाचलं. शेवटच्या वाक्याला थांबले, मग मोठ्यानं हसले. "बत्तीस वर्षं मी हे शिकवतोय," म्हणाले, "आणि बत्तीस वर्षं विद्यार्थी पाठ करतायत. प्राचार्य, हे पान मी नेतो. आमच्याकडं वर्गात वाचीन."

तेवढ्यात दिवा भकभकला आणि पेटला. त्यांनी बघितलं. मग बाजूला होऊन तात्यारावांना म्हणाले, "तुम्ही मुलीचे वडील ना? या, बघा." तात्याराव टोपी मागं सारून वाकले. बराच वेळ तसेच.

"म्हंजी पारे कुठल्याच गावचे न्हाईत तर," शेवटी म्हणाले.

मग मात्र आण्णासाहेबसुद्धा हसले. जाताना तात्याराव माझ्याजवळ थांबले. म्हणाले, "बाई, माझी पोरगी एवढ्या साहेबांपुढं उभी ऱ्हाऊन बोलती व्हय! म्या कदी ऐकलंच न्हवतं तिला." डोळे भरले होते. माझेही. मी कशालाच लाजले नाही.

सगळे गेल्यावर केमिस्टाला म्हटलं, पान कशाला ठेवलं होतं? तर म्हणे, "असंच." असंच कुणी कागद छातीच्या खिशात ठेवतं का?

३० एप्रिल, सोमवार

मिळालं! तिसरं वर्ष मिळालं!

दुपारी विद्यापीठाचं पत्र आलं. प्राचार्यांनी प्रयोगशाळेत येऊन मोठ्यानं वाचलं. 'जूनपासून फिजिक्सच्या तिसऱ्या वर्षास मान्यता.' बब्रुवाननं अशी शिट्टी घातली की बाहेरची कावळ्यांची शाळा उडाली. जाई बाकावर बसूनच राहिली, तळहातांनी तोंड झाकून. तात्यारावांचा निरोप आधीच आला होता: उन्हाळ्यात उरकायचं काही नाही. मी प्राचार्यांना म्हटलं, "बघा काहीतरी म्हणाला होतात. बघितलं." ते हसले, पेढे मागवतो म्हणाले. दुष्काळात पेढे कुठले? गुळाचा खडा प्रत्येकाला.

पोरं गेली तेव्हा दारात केमिस्ट, आणि त्याच्याबरोबर एक म्हातारी. गळ्यात लिंगाची चांदीची डबी, नाकात नथ, पायांत धुळीच्या चपला. त्याची आई, इरम्मा.

"ह्यो रोज रेघा रेघा करतो," म्हणाली. "दाखीव गं मला बी."

मी दिवा लावला. तिला स्टूल दिलं, एक डोळा मिटायला शिकवलं. तिला मिटता येईना, शेवटी पदरानं झाकला. "आल्या! पिवळ्या दोन. ह्यातली जातीभायर गेलेली कंची?"

"हिरव्या अंगाची," मी म्हटलं.

म्हातारी हलेना. मल्लिनाथ चष्मा पुसत होता, आणि मला एकदम सगळं कळलं. एस.टी. का चुकली, तीन भाकऱ्या, चार घड्यांचा कागद, सगळं. इतकी शिकून मी काय धोंडा होते!

"मला तर तीच बरी दिसती," इरम्मा म्हणाली आणि पदर खाली घेतला. "चल, तुज्या आईकडं ने मला. बोलायचं हाय. मल्लू म्हणला, पोरगी लई तापट हाय. म्या म्हटलं, बघून तर येते."

माझं डोकं तापलंच. "आणि मला कुणी विचारलं का?"

"इच्चार की रे!" ती त्याच्यावर ओरडली.

त्यानं चष्मा घातला. खाकरला. "मॅडम..." म्हणाला. "तुम्हाला... म्हणजे मी..." ह्या माणसाला दोन शब्द बोलायला युग लागतं. वाक्य पुरं व्हायच्या आत मी हो म्हणून मोकळी झाले.